अखिलाची आकृती

३ जुलै १९९५
ओरत्तनाडूहून तंजावरला पोहोचलो. मुलांच्या दवाखान्यात नोंदी ठेवायचे काम मिळाले. खोली कोरडी आहे, खिडकीशी नारळ. आठवी नापास असलो तरी माझे शुद्धलेखन पक्के आहे. सिस्टर वरलक्ष्मी म्हणाल्या, डॉक्टरांच्या चुका काढणारा माणूस हवाच होता.

५ जुलै
अखिला, वय सहा. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, सव्वा वर्ष कमीच. हव्यात दीड लाख, आहेत नऊ हजार. स्टेरॉइडचा गुण आला नाही. आता डॉक्टर वरुणराव तीन औषधे एकत्र देतात : आठवड्याला एक इंजेक्शन, रोज दोन प्रकारच्या गोळ्या. तिच्या अंगावरचे निळे डाग मी रोज सकाळी कागदावरच्या शरीराच्या आकृतीत शाईने भरतो. ती मला अण्णा म्हणते. आकृतीला वेणी का नाही म्हणून भांडली.

१२ जुलै
पेशी एकवीस हजार. तिच्या आईने, अंबाबाईंनी, वॉर्डभर केसरी, म्हणजे इकडचा गोड शिरा, वाटली.

१४ जुलै
पेन गळून आकृतीच्या डाव्या गुडघ्यावर ठिपका पडला. दुपारी अखिलाच्या गुडघ्यावर तसाच डाग, तशीच बारीक शेपटी. ती कुठे आपटली नव्हती. योगायोग असेल.

१७ जुलै
खात्री करायला आकृतीच्या दंडावर टिंब दिले. तासाभरात तिच्या दंडावर —
मी असे का केले?

१८ जुलै
कचेरीत शाईची चूक ब्लेडने खरवडतात. मीही गुडघ्यावरचा ठिपका खरवडला, अगदी हलक्या हाताने. कागदाचा पापुद्रा निघाला आणि वॉर्डातून अंबाबाईंची किंकाळी आली. गुडघ्याची कातडी सोलली होती. चार तास रक्त थांबले नाही.

१९ जुलै
पेशी तीन हजार. डॉक्टरांना सगळे सांगितले. ते म्हणाले, औषधे हरली, आता डोक्यात रक्तस्राव झाला तर ती वाचणार नाही; तू घरी जाऊन झोप. अखिलाने एवढेच विचारले, "अण्णा, तुम्ही मला खोडत होता काय?"

२० जुलै
नव्या कागदावर, एकही डाग नसलेली कोरी आकृती काढतो आहे. पाय पुरे झाले — सिस्टर सांगून गेल्या, पायांवरचे डाग गेले. हात काढले. हातही स्वच्छ. डोके उरले.

दहा वाजून पाच. हे डाव्या हाताने, पेन्सिलीने. उजवा हलवत नाही. निबाच्या टोकाशी थेंब जमला आहे, बरोबर कपाळावर — फुगतो आहे — हात मागे घेतला तर —