अक्र्याच्या सुट्ट्या, यान्बूचा इकामा

६ मार्च
घानाचा स्वातंत्र्यदिन. क्वामेने, म्हणजे जावयाने, अक्र्याहून संचलनाचा व्हिडिओ पाठवला. शाळेची पोरं उन्हात हात झुलवत चाललीत. कोपऱ्यात आमची रेवा, झेंडा हलवतेय. पंधरा ऑगस्टला हिला उठवायला तोंडावर पाणी मारावं लागायचं.

१ मे
तिकडे कामगार दिन, आपल्याकडे महाराष्ट्र दिन, इथे सौदीत, यान्बूला, नुसता सोमवार. सुट्टी म्हणून रेवाचा निवांत फोन. "आई, यू आर गोइंग टू बी आजी. डिसेंबरात." श्री., म्हणजे आमचे हे, प्लांटच्या बुटांसकट सोफ्यावर बसले.
बाळंतपणाला मी जाणार. ठरलं.

२९ जून
ईद. सुट्टी दोन्हीकडे. श्रींची कंपनी दुसऱ्याने घेतली. नवा कफील, म्हणजे इथला जामीनदार मालक, म्हणतो जुन्याला विचारा, जुना म्हणतो नव्याला. मधल्यामधे आमचे इकामे, इथे राहायचे परवाने, संपले. ते नवे झाल्याशिवाय जाऊन-येऊन व्हिसा नाही, म्हणजे देशाबाहेर पाऊल नाही.
शेजारची सबिहा शीरखुर्मा घेऊन आली. "अगो, डिसेंबर लांब आहे. होईल तोवर." रत्नागिरी सोडून तिचा जन्म गेला इथे. तिने हे म्हणताना खिडकीबाहेर बघितलं.

४ ऑगस्ट
घानाचा संस्थापक दिन. संस्थापक एक की अनेक, यावर तिथे भांडण. सरकार बदललं की सुट्टी हलते म्हणे. एकदम घरच्यासारखं वाटलं.
रेवाला आंबट हवंय. क्वामेची आई आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे करून घालते. "मस्त लागतात गं." कैरीचं लोणचं इथे बरणीत. मी पण.

२३ सप्टेंबर
परवा तिकडे पहिल्या राष्ट्राध्यक्षांची जयंती, म्हणून फोन झाला. पाय सुजलेत. मीठ कमी कर म्हटलं. "क्वामेची आईपण हेच सांगते." "मग ऐक तिचं." असं मीच बोलले.
आज इथला राष्ट्रीय दिन. गाड्यांवर हिरवे झेंडे, कचेऱ्यांना कुलूप. त्यांची सुट्टी असली की लेक भेटते, इथली असली की लांब जाते.
श्री. : "यल्ला, चला, उद्या जातो इकाम्याच्या कचेरीत."
उद्याचा उद्या.

१ डिसेंबर, शुक्रवार
तिकडे शेतकरी दिन. उत्तम शेतकऱ्याला राष्ट्राध्यक्ष बक्षीस देतात. आपले भाषण देतात.
दुपारी मुलगी झाली. दोघी ठीक. शुक्रवारची म्हणून आफुआ. वारानेच नाव ठेवलं, कोणाची संमती नको. क्वामे शनिवारचा. आपल्याकडे असता तर मारुतीला तेल घातलं असतं, बस.
डिंकाचे लाडू करून ठेवलेत. श्री. दोन खाऊन गेले. बाळंतीण कोण?

८ डिसेंबर
आज आठवा दिवस, त्यांचं बारसं. व्हिडिओवर पाहिलं. क्वामेच्या आईने बाळाच्या जिभेवर बोट टेकवलं, आधी पाण्याचं, मग दारूचं. पाण्याला पाणी म्हण, दारूला दारू, असं सांगतात म्हणे. इथे दारूला बंदी, म्हणून श्रींनी उठून खिडकीचा पडदा ओढला. उगाच.
मग रेवाने फोन बाळाच्या कानाशी धरला. "आई, तुझ्याकडचं नाव तू ठेव." मी कुर्रर्र केलं. पुढे 'इरा' म्हणाले बहुतेक.

१७ डिसेंबर
इकामा : अंडर प्रोसेस. श्री. इन्शाल्ला म्हणायला शिकलेत, तेही अगदी इथल्यांच्या सुरात. म्हणजे नाही.
क्वामेने नव्या वर्षाचं कॅलेंडर फोटो काढून पाठवलंय. ६ मार्चला लाल गोल. रेवाचा निरोप : "संचलनाला तरी ये. इरा तेव्हा मान धरेल."
तोवर मान क्वामेची आई धरते. व्हिडिओत नीट बघितलं मी, पुन्हापुन्हा बघितलं. मानेखाली पंजा, बोटं कानामागे.
बरोबर धरते.