तीन तासांवरची लेक

गुवाहाटी, ३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप सौ. आईस,
राजनंदिनीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना नाना तुझ्या शेजारी असतात, म्हणून लिहिते. बाळंतपणाला मेढ्याला यायचं ठरलं होतं, पण गर्भाची वार खाली असल्यामुळे डॉक्टरांनी प्रवासच बंद केलाय. सासूबाई सांगलीत गुडघ्याचं ऑपरेशन करून पडून आहेत. शिवतेजना सुट्टी कधी मिळेल, ते त्यांच्या युनिटलाच ठाऊक. आई, मला भीती वाटते. तू ये ना. पुण्याहून इथवर हवाई अंतर दोन हजार किलोमीटर आहे, पण थेट विमानानं जेमतेम तीन तास.

नानांचं मात्र मला माहीत आहे. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही म्हणतात. काहीतरी तोड काढ.

तुझी वाट बघणारी,
राजनंदिनी

मेढा, १२ फेब्रुवारी

चि. सौ. राजनंदिनीस,
आईचे ओटीभर आशीर्वाद.

तोड काढली. तीन तास जायला, तीन यायला. सकाळी निघायचं, तुझं तोंड बघायचं, रात्री घरी. दिवसभर उपाशी राहिले म्हणून काय बिघडतंय? नवरात्रात नऊ दिवस राहतेच की.

हे तुझ्या वहिनीला सांगितलं, तर समीक्षा हसत सुटली. म्हणाली, आवं आई, इथनं पुण्याचा विमानतळ गाठायलाच त्याहून जास्त वेळ लागतोय, आन् बाळंतपण काय एका दिवसात उरकतंय व्हय? नानांनी दारातून सगळं ऐकलं. आणि सरळ गोठ्यात निघून गेले.

जपून राहा, वजन उचलू नकोस.
तुझी आई

गुवाहाटी, २० फेब्रुवारी

तीर्थरूप आईस नमस्कार.

एका दिवसाची येऊ नकोस. परत जाताना तुला बघवणार नाही मला. समोरच्या क्वार्टरमधल्या भाभी तुझा डबा द्यायला तयार आहेत. पण मी घरात असताना तू दुसरीच्या हातचं जेवणार, हे मनात आलं तरी घास उतरत नाही.

नानांना माझा राग आलाय का? तेवढं कळव.

तुझीच,
राजनंदिनी

मेढा, १ मार्च

चि. सौ. राजनंदिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सरळ नानांच्या हातात दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मलाच विचारलं की, ते क्वार्टर कुणाचं? म्हटलं, सरकारचं. रेशन कुठलं? म्हटलं, कँटीनचं. तर म्हणाले की, मग ते लेकीचं घर कसं हाय? पलटणीत वीस वर्षं सरकारचंच खाल्लंय मी, आता काय बाट लागतोय? आणि वर माझ्यावरच खेकसले, की एवढं साधं तुला कवा सुचायचं?

तुझ्या अमृतदादानं आमची दोन तिकिटं काढली आहेत, सोळा तारखेच्या रविवारची. परतीचं काढू नको म्हणून नानांनीच बजावलं.

आता ऐक. ते क्वार्टर कुणाचं आहे, हे त्यांनाही कळतं. दारात आल्या आल्या पाणी तूच दे. ते तुझ्याकडे बघणार नाहीत, इकडंतिकडं बघतील. तूही काही बोलू नकोस. त्यांना सावकाश पिऊ दे.

तुझ्या सुखरूपपणाकडे डोळे लावून बसलेली,
आई