दादाच्या पुस्तकातल्या अकरा ओळी

प्रिय दादा,

पुरस्काराची बातमी कळली आणि छापखान्यात सगळ्यांना मी चहा पाजला. थोर कवींच्या वचनांचं तुझं पुस्तक दोनदा वाचलं, प्रस्तावना तर तीनदा.

सतरा वर्षांची होते तेव्हा माझी कवितांची वही तू बाबांसमोर चाळलीस आणि हिला माणसं कळत नाहीत, कॉलेजात पाठवून काय उपयोग, असं सांगून मोकळा झालास. बाबांनी तुझं ऐकलं. मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, तू प्राध्यापक झालास. त्याचा राग कधीच गेला, असं मी सगळ्यांना सांगते. गेलेला नाही.

इथे दरवर्षी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर निघायचं. प्रत्येक तारखेखाली एखाद्या थोर कवीचं शहाणपण हवं, ही मालकांची हौस, आणि ते शोधायचं काम माझ्या गळ्यात. वाचनालय पिंजून काढलं, पण दोन ओळींत मावेल असं रोज कुठून आणायचं? यंत्र खोळंबलं की मी आपलं मनाचंच लिहायचे आणि खाली एखाद्या दिवंगत कवीचं नाव ठोकून द्यायचे. ते थोडेच तक्रार करायला येणार होते! एक कॅलेंडर न चुकता तुला पाठवायचे. तू ती पानं जपलीस, हे पुस्तक बघून कळलं. मूळ ग्रंथ उघडायचे कष्ट मात्र घेतले नाहीस.

‘आजाऱ्याचं दुखणं सगळे विचारतात, उशाशी बसलेल्याची झोप कोणी विचारत नाही.’ ही ओळ देऊन तू लिहितोस, की यासाठी आयुष्य सोसलेला महाकवीच हवा. दादा, आई अंथरुणाला खिळली होती त्या वर्षी मी ती लिहिली. तू दोन दिवस आलास, डॉक्टरांवर आवाज चढवलास आणि फळं ठेवून निघून गेलास.

अशा अकरा ओळी आहेत. एक सांगितली. बाकीच्या दहा सांगणार नाही. पुरस्कार समितीलाही कळवणार नाही. तेवढी दुष्ट मी नाही, किंवा त्याहून जास्त आहे. रविवारी समारंभात तू पुस्तकातलं वाचून दाखवणार आणि मला पहिल्या रांगेत बसवणार, असं वहिनींनी कळवलं, म्हणून हे पत्र घाईनं टाकते आहे. मी येते आहे. प्रत्येक ओळ संपली की तू माझ्या तोंडाकडे बघशील. मी सगळ्याच ओळींना मान डोलावणार आहे.

तुझीच,
धाकटी