पुलावरची पावलं

४ मार्च
आला! आमच्या व्हिडिओ गेमचा दुसरा भाग आला! नऊ वर्षं वाट बघायला लावली लेकाच्यांनी. दुकानात दुरुस्तीला आलेले दोन मिक्सर उघडे टाकून घरी पळालो. धाकट्या बहिणीनं खोक्याचा वास घेतला, चक्क! "दादा, वर चित्र कसलंय रे?" म्हटलं, तोच चोर, तोच किल्ला. चोराचं पोट सुटलंय जरा. खूप हसली.

५ मार्च
पहिला भाग ती निव्वळ कानांनी खेळते. शाळेत असताना नजर गेली, त्यानंतर अकरा वेळा संपवलाय! पावलं वाजतात त्यात — दगडावर खट्, लाकडावर टक्, फळीचं टोक आलं की पोकळ. मग ती उडी मारते. मला डोळे असून तो पूल ओलांडता येत नाही.
दुसऱ्यात पहिल्याच पुलावरून पडली. "सवय नाही अजून," म्हणाली.

९ मार्च
पडली.

११ मार्च
आज भडकली. "पहिल्याची सर नाही याला! पावलंच वाजत नाहीत. नुसतं झकपक करून ठेवलं असेल, हो ना?" आहेच झकपक. पाण्यात चंद्रसुद्धा हलतो. मी शेजारी बसून "आता मार उडी, आता" सांगायला लागलो, तर कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवून उठली. "मग तूच खेळ ना." इस्पितळाच्या टेलिफोनवर बसते, पन्नास डॉक्टर नुसत्या 'हॅलो'वरून ओळखते. या एका खेळात तरी तिला कुणाचा हात धरावा लागत नव्हता.

१२ मार्च
कंपनीला खरमरीत पत्र लिहिलं. शेवटी तिनं घालायला लावलं — आम्हाला चंद्र नको, पावलं द्या.

२० मार्च
उत्तर आलं. आवाजाचं काम बघणाऱ्या बाईंचं, चांगलं सविस्तर. पावलांचे आवाज जुनेच आहेत, एकही बदललेला नाही, उलट थोडे मोठे केलेत म्हणे. थापा! म्हटलं, पकडतोच यांना. धाकटी कामावर गेली होती. तिचाच हेडफोन लावला. आधी पहिला भाग, मग दुसरा. टक्. टक्. टोकाला पोकळ. दोन्हींत अगदी स्वच्छ.
दुसरा हेडफोन लावून पाहिला. वायर सोलून पाहिली. मिस्त्री ना मी! काहीतरी बिघडलेलं सापडू दे, एवढंच म्हणत होतो. सगळं ठणठणीत.
नजर गेली तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, पुढेमागे कानांवरही येऊ शकतं. आईनं तो विषय पुन्हा काढू दिला नाही. मीही काढला नाही. तिला कसं सांगू?

२१ मार्च
नाही सांगितलं.

२३ मार्च
आज तिनं आपणहून पहिला भाग लावला. लाकडी पुलावरून पडली. परत पडली. हेडफोन काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "दादा, यांनी जुन्यातलेही आवाज काढून टाकले का रे?"
मी हो म्हटलं.