बाथरूमच्या खिडकीतला वटवट्या

ती. स्व. दादांस,

साष्टांग नमस्कार. (मनाने घातला आहे. शरीराने घातला तर उठवायला घरात दुसरं कोणी नाही, आणि ते दुसरं कोणी सध्या तुमच्याकडे आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? वहिनींची दाढ निघाली, की समोरचा डॉक्टर अजून तारखाच देतोय? माझी तब्येत ठीक. अंडी उकडता येतात, ती कधी उतरवायची ते अजून जमलेलं नाही.

तुमच्या बहिणीने हकीकत सांगितलीच असेल. तिची बाजू मी इथे ऐकली आहे, दाराआडून आणि दारासमोरूनही, आणि तिच्यात खोटं काही नाही. फक्त पक्ष्याचा भाग तिने गाळला असणार, म्हणून तेवढा लिहितो. थंडी पडू लागली की आमच्या पक्षिमंडळाला कापरं भरतं. उत्तरेतल्या थंडीला कंटाळलेले पक्षी दक्षिणेकडे निघतात, त्यांतला एखादा वाट चुकून आपल्या भागात उतरतो, आणि तो कोणाला कुठे दिसला याच्या नोंदी दर आठवड्याला सगळ्या सदस्यांच्या फोनवर येतात. इतकी वर्षं मंडळात काढून माझ्या नावावर कावळ्याच्या वरचं काही लागलं नव्हतं. यंदा आमच्या बाथरूमच्या खिडकीबाहेरच्या झाडावर पिवळ्या भुवईचा वटवट्या उतरला. अंगठ्याएवढा जीव, रंग पानाचा, आणि इकडे तो कोणाच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. (तुमची बहीण म्हणाली, चिमणी आहे. मी वाद घातला नाही. तेव्हा आमचं बरं चाललं होतं.)

आता हा पक्षी काही केल्या वेळेवर यायचा नाही. मी कमोडच्या झाकणावर उभा राहून मान आखडून घेतली, तेव्हा कुठे उलगडा झाला. तुमची बहीण कढत पाण्याने आंघोळ करते. वाफ खिडकीतून बाहेर जाते, गारठलेले किडे उबेला गोळा होतात आणि वटवट्या नाश्त्याला हजर होतो. मी गार पाण्याचा माणूस, माझ्या आंघोळीला माशीसुद्धा फिरकत नाही. मंडळाचा नियम असा, की नोंदीत जागा आणि हमखास दिसण्याची वेळ लिहायचीच, नाहीतर नोंद धरत नाहीत. मी सत्य तेच लिहिलं: आमच्या बाथरूमची खिडकी, पत्नीची आंघोळ उरकल्यावर लगेच. दादा, तुमचा जन्म कोर्टाच्या कारकुनीत गेला. यात एक तरी शब्द जादा आहे का, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जिन्यात रांग. गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर कॅमेऱ्याचे स्टँड, हातात काढलेले बूट. सगळी सभ्य माणसं. मंडळाचे सचिव तर हळूच एवढंच विचारायचे, की वहिनींना अजून किती वेळ. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती बाहेर आली की सगळे तिचे आभार मानून आत घुसायचे. हे तिने सोसलं, मी नाकारत नाही. एकदा तर सगळ्यांना चहाही केला (सचिवांना दोनदा). घात केला तो तिच्या बँकेतल्या कॅशियरने. तो आमचा सदस्य आहे हे मलाही ठाऊक नव्हतं. त्याने भर काउंटरवरून विचारलं, मॅडम, आज आंघोळीला उशीर झाला का, पक्षी अजून दिसला नाही म्हणतात. समोरच्या रांगेने हे नीट ऐकलं.

त्या संध्याकाळी तिने मला विचारलं, तुम्हाला मी कधी दिसते का? मी खिडकीत होतो. मी म्हणालो, जरा हळू बोल.

सकाळी ती आंघोळ करून निघाली. त्या खिडकीतून झाडापलीकडे रस्त्याचा कोपरा दिसतो. दुर्बीण डोळ्यालाच होती, म्हणून पाहिलं. निळी बॅग, तपकिरी स्वेटर, चाल झपाट्याची, दिशा दक्षिण. कोपऱ्यावर ती थांबली, मागे वळून पाहिलं, मग गेली. नेमका तेव्हाच वटवट्या खिडकीच्या गजावर येऊन बसला म्हणे, इतका जवळ की सचिवांचे डोळे भरून आले. मला दिसला नाही. मी कोपऱ्याकडे बघत होतो.

मग गिझर बंद, वाफ बंद, किडे बंद. पक्षी गेला आणि माणसंही गेली. घर शांत आहे आणि ही शांतता मला आवडत नाही, हे स्पष्टच लिहितो. परवा मी कढत पाण्याने आंघोळ करून पाहिली. (पक्ष्यासाठी नव्हे. म्हणजे सुरुवातीला पक्ष्यासाठी.) खिडकीत कोणी आलं नाही, आणि धुतलेले टॉवेल कुठे असतात तेही मला माहीत नाही असं लक्षात आलं.

शनिवारच्या गाडीने तिला न्यायला येतो आहे. तिला आधी सांगू नका, नाहीतर ती पुढच्या गावी जाईल. वहिनींना नमस्कार, मुलांना माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते तसंच राहू द्या.

आपला (तिची हरकत नसेल तोवर)
मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात या आठवड्याच्या नोंदी आल्या. वहिनींच्या दाढेचा डॉक्टर आमचा सदस्य निघाला. त्याला दवाखान्याच्या खिडकीतून पिवळ्या भुवईचा वटवट्या दिसला आहे. तुमच्या अंगणातल्या झाडावर, बाथरूमच्या बाजूला, रोज सकाळी. तोच पक्षी असेल असं शास्त्र सांगत नाही, पण आंघोळ तीच आहे. डॉक्टरने वेळ नुसती सकाळची लिहिली आहे, कोणाच्या आंघोळीनंतरची ते लिहिलेलं नाही. शहाणा माणूस.

आणखी ता. क. आता मी शनिवारी दारात उभा राहिलो तर ती काय म्हणेल? पक्ष्यासाठी आला. मी कितीही शपथा घेतल्या तरी हेच म्हणेल, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून खरी विनंती अशी, की मी गाडीतून उतरायच्या आत त्या पक्ष्याला हाकला. टाळ्या वाजवा, पातेलं बडवा, झाड हलवा. आमच्या मंडळात असं करणाऱ्याला काढून टाकतात, आणि तो नियम मीच करायला लावला होता. तरी हाकला. दुर्बीण मी इथेच ठेवून येतो आहे.

शेवटची ता. क. हाकलण्याआधी फोटो काढू नका. काढलाच, तर मला दाखवू नका. निदान ती समोर असताना.