बागेकडचं दार

ट्राव्निक, ता. ४ नोव्हेंबर १९५०

ती. शेफिकाताईस,
धाकट्या हाय्रियाचा सलाम, वि. वि.

खुशाल आहोत असं लिहायची रीत, म्हणून लिहिलं. पाय सुजलेत, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. आठवा महिना सरत आला. डॉक्टरीणबाई घरी येऊन बजावून गेल्या, की दवाखान्यात आली नाहीस तर दोघांतलं कुणीच वाचणार नाही.

पण जाऊ कशी? तोंड झाकणारा झार घालून निघाले तर नव्या कायद्यानं तुरुंग, आणि उघड्या तोंडानं पाऊल उचलत नाही. कायदा झाल्यापासून मी रस्ता पाहिलेला नाही. बागांच्या भिंतींतल्या दारांनी या अंगणातून त्या अंगणात, एवढंच. त्या वाटेनं दवाखान्यासमोर तरी पोचले असते. पण व्यासपीठावर झार फाडतानाचा तुझा फोटो पेपरात आला, आणि दवाखान्यासमोर राहणाऱ्या झेइनाआजींनी त्यांच्या बागेचं दार खिळे ठोकून बंद केलं. म्हणाल्या, की आता कॉम्रेड ताईलाच सांग वाट काढायला.

नवरा असून इस्मेत आईच्या शब्दाबाहेर जात नाहीत. सासूबाई नुसत्या दुआ पुटपुटतात. फार भीती वाटते गं.

तुझी,
हाय्रिया


झेनित्सा, ता. ८ नोव्हेंबर

चि. हाय्रियास अनेक आशीर्वाद.

रडूबाई, ऐक. अल्लानं लाज नजरेत राखायला सांगितली, आधी पुरुषांना. ती एकट्या बाईच्या तोंडावर टांगली कुणी? हे मी हजार बायांपुढे बोलले, उद्याही बोलेन. पण झार चढवताना तुला कुणी विचारलं नाही, उतरवतानाही नाही, याचा संताप होतो.

आपली आई अशाच सुजेनं गेली. उंबरा न ओलांडणारी बाई म्हणून गावानं तिला वाखाणलं आणि पुरलं. तुझं तसं कौतुक मला ऐकायचं नाही.

शनिवारी येते. झेइनाआजींच्या दारात बसेन, चपलेनं मारलं तरी उठणार नाही. मग रस्ता तेवढा उरेल. माझा हात धर.

तुझी घाबरलेली,
शेफिका


दवाखाना, ट्राव्निक, ता. १६ नोव्हेंबर

ती. ताईस सलाम.

तू झेनित्साला परतलीस त्याच संध्याकाळी मुलगी झाली. दोघी जिवंत आहोत. खिळे आजींनी स्वतः उपटले, तोंड फिरवून का होईना, हे विसरणार नाही. पण रस्त्यात माझं उघडं तोंड पाहून तुझ्या महिला आघाडीच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

काल इस्मेत खिडकीखाली आले होते. सासूबाईंचा निरोप सांगितला, की जी भर रस्त्यानं गेली तिनं आता रस्त्यातच राहावं. आईची समजूत काढून येतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.

उद्या खाट रिकामी करायची आहे. आणायला सगळ्याजणी होतात, ताई. न्यायला कोण येणार?

लोभ आहेच. तू ये.

तुझी,
हाय्रिया