माहेरचं घड्याळ

आई, तुझ्या हाताचा मुका घेते.

लग्न होऊन सीमेपलीकडे आले, तरी मी अगदी मजेत आहे. रडते-बिडते असं समजू नकोस. डोळे लाल होतात ते चुलीच्या धुराने.

इथे सासरी, अताम्बुआत, घड्याळं आपल्या एर्मेरापेक्षा तासभर मागे चालतात. हे ठाऊक असूनही मी तू दिलेल्या मनगटी घड्याळाची वेळ काही बदलली नव्हती. त्यामुळे रोज सासूबाईंच्या तासभर आधी उठून माझी कॉफी तयार! सासूबाई चर्चच्या पायरीवर बायकांना ऐकवायच्या, "आमची सून बघा, उजाडायच्या आत कॉफी! तुमच्या सुना अजून घोरत असतील."

परवा जेवताना ह्यांनी, म्हणजे सेर्वासने, घात केला. म्हणाले, "आई, कामसू कसली डोंबलाची! तिचं घड्याळ अजून माहेरीच आहे."

सगळं घर खो खो हसलं. गेली माझी अब्रू, म्हणून मी काटे मागे फिरवायला घेतले, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "खबरदार हात लावशील तर! मला आता पहाटेच्या कॉफीची सवय लागलीय. आणि त्या बायकांना काय तोंड दाखवू?"

कॉफी संपत आलीय, पाठव. बाबांचा कोंबडा झुंज जिंकला, की रश्शात गेला?

आणि हो, तू चूल पेटवतेस ना, अगदी त्याच वेळी माझीही पेटते. धूर तुझ्याही डोळ्यांत जातो का गं?

अजून तुझ्याच वेळेवर चालणारी,
एर्मेलिंडा